किरकोळ सुधारणा

"आली बघ तुझी एकशे सत्याऐंशी!" नफीसानं तिच्या खुर्चीवरूनच हाक मारली.

मी उघडलेला डबा तसाच टाकून तिच्या टेबलापाशी धावले. पडद्यावरच्या नकाशात, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या निळ्या पट्ट्यावर एक हिरवा ठिपका लागला होता. मंगळवार, अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं. आम्ही दोघी बघत राहिलो. नऊ मिनिटांनी ठिपका विझला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तेच. दुरुस्ती उतरली आहे, बसवलेली नाही."

दोन हजार तेराच्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. पुण्यात कर्वेनगरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची चौदा माणसांची कंपनी होती. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी आम्ही हातात मावेल असं एक यंत्र बनवायचो. त्याला पडदा होता, आत सिमकार्ड होतं, आणि आम्ही सगळे त्याला पाटी म्हणायचो. सेविकेनं बाळाचं वय, वजन, ताप अशी माहिती भरायची, मग पाटी सांगायची की कोणतं औषध द्या, किती द्या, आणि दवाखान्यात कधी पाठवा. एका संस्थेनं पाच जिल्ह्यांत अशा चारशे बारा पाट्या वाटल्या होत्या.

पाटीच्या आतला प्रोग्रॅम बदलायचा झाला की आम्ही तो पुण्यातूनच पाठवायचो. पाटीला रेंज मिळाली की ती आपणहून आमच्या सर्व्हरशी बोलायची आणि नवं काही असेल ते उतरवून घ्यायची. माझ्या आधी हे काम करणारा माणूस केबल घेऊन गावोगाव फिरायचा म्हणे. मला जागचं हलावं लागत नव्हतं. मी सव्वीस वर्षांची होते. एक बटण दाबलं की गडचिरोलीपासून साताऱ्यापर्यंत चारशे यंत्रं सुधारतात, याची मला भारी मौज वाटायची.

सप्टेंबरच्या शेवटी मी अशीच एक दुरुस्ती पाठवली. आठ दिवसांत ती चारशे अकरा पाट्यांवर बसली. राहिली एकच, १८७.

मी काय काय तपासलं नाही! बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर. आत जागा रिकामी. दुरुस्ती पहिल्याच मंगळवारी पुरती उतरलेली. म्हणजे पाटीत सगळं तयार होतं, फक्त शेवटचं पाऊल पडत नव्हतं. आणि हे सगळं दर मंगळवारी दोनदाच कळायचं, पावणेबाराच्या सुमाराला आणि पुन्हा साडेचारला. एरवी आठवडाभर ती पाटी जगात नसल्यासारखी. ठिपका लागायचा तोही भर पाण्यात. तिथं गाव नाही, रस्ता नाही, काही नाही. कोणती पाटी कुणाच्या हातात आहे याची यादी संस्थेकडे होती, आणि तिथून उत्तर येत नव्हतं.

"पडली असेल पाण्यात," बेहेरे सर म्हणाले. कंपनी त्यांचीच होती.

"पाण्यात पडलेली पाटी मंगळवारच्या मंगळवारी बोलते?"

"मग बिघडली असेल. हेमांगी, चारशे बारांतल्या चारशे अकरा झाल्या. कुठलीही परीक्षा पास होशील एवढ्या मार्कांवर."

"मी जाऊन बघून येऊ का? एक दिवसाचं काम आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "कशासाठी?"

"उत्सुकता म्हणून," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पुढच्या मंगळवारी पहाटेची गाडी धरून मी सातारा गाठला, तिथून बामणोलीची एसटी. धक्क्यावर उतरले तेव्हा सव्वादहा झाले होते. दिवाळी चार दिवसांवर आली होती. पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडच्या उतारांवर नाचणी पिकून तांबूस झालेली. धक्क्याला दोन लाँच लागल्या होत्या. एकीच्या टपावर बसून एक म्हातारा बिडी ओढत होता.

"काका, ह्या पाण्यावरून दर मंगळवारी एखादी नर्स जाते का हो?"

"जातीया की. माज्याच लाँचनं जातीया. कौसल्याबाई." त्यानं मला न्याहाळलं. "तुमी कोण म्हनायच्या?"

"पुण्याहून आलेय. त्यांच्या पाटीचं काम आहे."

"मग बसा. पर तिला ह्यो इषय काडलेला खपत न्हाय बरं का, आदीच सांगतो."

म्हाताऱ्याचं नाव धोंडिबा शेलार. त्यानं मला आणखी काही सांगायच्या आत कौसल्याबाई आल्याच. पंचेचाळिशीच्या, बारीक चणीच्या, आकाशी साडी, खांद्याला औषधांची पेटी. पाटी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर टॉवेल गुंडाळला होता. मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं.

"पुण्याच्या पाटीवाल्या का तुम्ही?" त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात." पण आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं.

लाँच सुटली. पाण्यावर इंजिनाचा फटफट आवाज सोडला तर काही नव्हतं. मी विचारायला तोंड उघडलं की त्या किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीकडे बोट दाखवून तिथं किती घरं, किती लेकरं ते सांगायच्या. माझा विषय निघूच देत नव्हत्या. अर्ध्या-पाऊण तासानं धोंडिबांनी इंजिन मंद केलं.

"आली रेंज," ते म्हणाले. "ह्या दोन डोंगरांच्या खिंडीतनं पलीकडचा टावर दिसतो. ह्यो पट्टा सोडला तर आख्ख्या पान्यावर कुटं न्हाय. समदी माणसं हितंच फोन करत्यात, म्हनून मी हळू घेतो."

माझ्या खिशातला फोन थरथरला. घड्याळात पावणेबारा झाले होते. कौसल्याबाईंनी टॉवेल सोडला, पाटी काढली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकले. महिनाभर पुण्यात बसून ज्याची कल्पना करत होते ते माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. पडदा उजळला, वर छोटी खूण फिरली, आणि चौकट आली. *नवी दुरुस्ती तयार आहे. किरकोळ सुधारणा.* खाली दोन बटणं होती, *आता बसवा* आणि *नंतर*.

त्यांनी शांतपणे *नंतर* दाबलं आणि पाटी परत टॉवेलात गुंडाळली.

मी बघतच राहिले. पाटी बिघडली नव्हती, बॅटरीचा दोष नव्हता, रेंजचा नव्हता. आम्ही *नंतर* हे बटण ठेवलं होतं खरं, पण ते दाबलं तर आमच्याकडे त्याची नोंद येत नव्हती. कुणी नाही म्हणेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"तुम्ही मुद्दाम दाबताय?"

"मग काय चुकून? पाच आठवडे झाले. येताना एकदा, जाताना एकदा."

"पण का?"

"त्यात काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

"किरकोळ सुधारणा."

"जूनमध्ये पण हेच लिहून आलं होतं." आता त्या माझ्याकडे वळून बसल्या. "तेव्हा मी विश्वासानं बसवली. आमच्याकडं तापाच्या औषधाची नवी बाटली आली होती. जुनीपेक्षा दुप्पट कडक. तुमच्या सुधारणेत ती बाटली आली, एवढंच मला कळलं. जुलैमध्ये जांभळढेणच्या वनिताचं बाळ तापलं. आठ महिन्यांची पोर, साडेसात किलो. पाटी म्हणाली, एक झाकण, दिवसातनं चारदा. मी झाकणावर पेनानं रेघ मारून दिली, इथपर्यंत भर म्हणून. आमच्या बायकांना आकडा सांगून उपयोग नसतो, रेघ लागते. तिसऱ्या दिवशी पोर ओकायला लागली. डोळे उघडंना. मला काही सुचेना. मी बाटली उलटीपालटी करून वाचत बसले आणि हिशेब केला तेव्हा कळलं. अर्धं झाकण पाहिजे होतं. पाटी जुन्या बाटलीचं माप सांगत होती."

धोंडिबा सुकाणूवरूनच म्हणाले, "त्या दिशी माज्याच लाँचनं न्हेली. पान्यावर हातपाय गार पडल्यालं हुतं पोरीचं."

"साताऱ्याला पाच दिवस ठेवली," कौसल्याबाई म्हणाल्या. "वाचली. तिथनंच मी तुमच्या नंबरवर फोन लावला. सगळं सांगितलं. दोन दिवसांनी हा मेसेज आला. बघा."

त्यांनी त्यांचा साधा फोन माझ्यापुढे धरला. *आपली तक्रार तपासली. पाटी दाखवत असलेली मात्रा बरोबर आहे. धन्यवाद.*

तो मेसेज मी लिहिलेला होता.

तक्रारी नफीसा उतरवून घ्यायची आणि औषधांच्या मात्रेबद्दल असतील त्या माझ्या टेबलावर ठेवायची. ती चिठ्ठी मला आठवत होती. मी पाटी उघडली होती, चाचणीसाठी आमचं एक ठरलेलं मूल होतं, बारा किलोचं, त्याचं वजन भरलं होतं आणि उत्तर बरोबर आलं होतं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. मग ऑगस्टच्या शेवटी दुसरंच काही तपासताना वजनाच्या जागी माझ्या हातून चुकून नऊ पडले, आणि पडद्यावर दुप्पट आकडा आला. दहा किलोच्या खाली पाटी नवी बाटली विसरत होती. प्रोग्रॅममधली ती ओळ मी लिहिली होती.

मी घाबरून बेहेरे सरांकडे गेले होते. ते पांढरेफटक पडले होते. मग म्हणाले होते, "दुरुस्त कर, नीट तपास आणि पाठव. उगाच गवगवा नको, सेविका घाबरतील, पाटीवरचा विश्वासच उडेल. किरकोळ सुधारणा लिही." तपासण्यात महिना गेला, मग मी तसंच लिहून पाठवलं. चारशे अकरावी पाटी सुधारली त्या दिवशी मला महिन्यात पहिल्यांदा झोप लागली. म्हणूनच ती चारशे बारावी मला सोडवत नव्हती.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. एकदम नाही, तुटक तुटक, पाण्याकडे बघत. लाँच केव्हाच रेंजच्या पट्ट्याबाहेर गेली होती. 

"म्हणजे आता जी आलीय," शेवटी त्या म्हणाल्या, "त्यात माप बरोबर केलंय."

"हो."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"



जांभळढेणला उतरलो. मी धक्क्यापाशीच थांबते म्हणाले. "चला," त्या म्हणाल्या, आणि मी गेले.

वनिता अंगणात नाचणीची कणसं पसरत होती. विशी-बाविशीची असेल. कौसल्याबाईंना बघून हसली, मला बघून आणखी हसली, आत जाऊन घोंगडी आणून टाकली. पोरगी रांगत रांगत आली आणि माझ्या ओढणीला लोंबकळून उभी राहिली. तिचं नाव ईश्वरी. दोन दात आले होते. मी तिला मांडीवर घेतलं तर तिनं माझं घड्याळ तोंडात घातलं.

"अगं, ती बाटली आण," कौसल्याबाई म्हणाल्या.

वनितानं फळीवरून बाटली आणली. झाकणावर काठोकाठ एक निळी रेघ होती, खरवडून पुसट केलेली. तिच्या खाली, बरोबर मधे, एक जाड काळी रेघ.

"ही मी नंतर मारली," कौसल्याबाई मला म्हणाल्या. "माझ्याकडं अशी अकरा घरं होती. अकराही घरी जाऊन मारून आले. बाटली महिनोन्‌महिने पुरते ताई, आणि बाई एकदा शिकली की पाटीला विचारत नाही. पुढच्या वेळी पोर तापलं की आपल्या आपण रेघेपर्यंत भरते. तुमची पाटी सुधारली. झाकणं कोण सुधारणार?"

मी ईश्वरीला धरून तशीच बसले. महिनाभर मी एका पाटीच्या मागे लागले होते. बाकीच्या चारशे अकरा मी सुटल्या म्हणून मोजत होते.

"काय झालंय?" वनितानं विचारलं. ती आमच्या तोंडांकडे बघत होती.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं माझ्यावर सोडलं होतं.

"वनिता, जुलैमध्ये हिला जे जास्त औषध गेलं ना, ते माझ्यामुळे. पाटीत माप मी भरलं होतं. ते चुकीचं होतं. ताईंनी तक्रार केली तेव्हाही मी नीट पाहिलं नाही."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती वाकली आणि तिनं पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. रागानं हिसकावून नाही, चूल पेटलेली असताना मूल मागं घ्यावं तसं. माझं घड्याळ पोरीच्या मुठीत होतं. तिनं ते सोडवून घोंगडीवर ठेवलं आणि पोरीला कडेवर घेऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली.



"आमच्याकडं कौसल्याताई हुत्या," वनिता म्हणाली. "बाकीच्यांकडं कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "अजून कुणालाच माहीत नाही."

"मग हितं काय बसलाय?"

परतीची लाँच चारला निघाली. माझ्या फोनवर सर्व्हरचं पान उघडायचं. पाट्यांना संदेश पाठवायचा अधिकार माझ्या नावावर होता, फक्त बेहेरे सरांना विचारल्याशिवाय पाठवायचा नाही असा रिवाज होता. मी धोंडिबांना म्हणाले, "काका, त्या रेंजच्या जागी थोडं जास्त थांबता येईल?"

"किती?"

"काम होईस्तोवर."

त्यांनी कौसल्याबाईंकडे पाहिलं, मग मान हलवली.

वाटेतच मी मजकूर लिहायला घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. "काही प्रकरणांमध्ये दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांसाठी दर्शवलेल्या मात्रेत विसंगती आढळून आली असून..."

"हे कुणासाठी लिहिलंय?" कौसल्याबाईंनी मधेच विचारलं.

"सेविकांसाठी."

"मला नाही कळलं. विसंगती म्हणजे काय? दुप्पट जात होतं ना? मग दुप्पट लिहा. आणि आढळून आली कशाला? कुणाला आढळली? कुणी केली?"

मी खोडलं. पुन्हा लिहिलं. त्या एकेक वाक्य ऐकायच्या, काही ठिकाणी नाही म्हणायच्या. "घाबरू नका असं लिहू नका. घाबरल्या तर लवकर निघतील." एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "तुमची चूक नाही, हे लिहा. नाहीतर बाया लपवतील. मी लपवणार होते." त्यांनी ते पाण्याकडे बघत सांगितलं. "पोरीला साताऱ्याला नेताना वाटलं होतं, रेघ पुसून टाकावी. माझ्या हातची होती ना."

खिंड आली. धोंडिबांनी इंजिन बंदच केलं. लाँच पाण्यावर हळूहळू फिरायला लागली, ते वल्हं मारून तिला जागेवर धरत होते. मी आधी बेहेरे सरांना फोन लावला. सापडलेली गोष्ट सांगितली, झाकणांचं सांगितलं, मजकूर वाचून दाखवला.

"हेमांगी, अजिबात पाठवू नकोस," ते म्हणाले. "तू म्हणतेस ते मला पटतंय. पण असं नाही. वकिलांशी बोलू, संस्थेशी बोलू. दिवाळी झाली की बैठक घेतो. आठ दिवस."

"सर, दिवाळीच्या थंडीत पोरं तापतील. आठ दिवसांत बाटल्या निघतील."

"चारशे बायकांना तू लिहून देणार की आम्ही विष पाजत होतो? कंपनी राहील का? चौदा घरं आहेत त्यावर."

ते वाईट माणूस नव्हते. मला आजही तसं वाटत नाही. नफीसाच्या आईचं ऑपरेशन त्यांनी त्याच वर्षी करवलं होतं. चौदा घरं म्हणताना त्यांचा आवाज फाटला होता. मी "सर, मी पाठवतेय" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.  पान उघडायला लागलं आणि अर्ध्यात अडकलं.

"डावीकडं घ्या हो भाऊजी," कौसल्याबाई धोंडिबांना म्हणाल्या. "रेंज गेली."

धोंडिबांनी वल्हं मारलं. लाँच हातभर सरकली, पुन्हा हातभर. पान उघडलं. मी मजकूर चिकटवला, खाली माझं पूर्ण नाव आणि माझा स्वतःचा नंबर टाकला.

*जूनपासून नव्या बाटलीतलं तापाचं औषध दहा किलोखालच्या लेकरांना पाटी दुप्पट सांगत होती. चूक पाटी बनवणाऱ्यांची आहे, तुमची नाही. पाटी आता दुरुस्त झाली आहे, पण घराघरांतल्या बाटल्यांवर जुनंच माप आहे. ज्या ज्या घरी ही बाटली दिली तिथं आजपासून जा. झाकणावरचं माप अर्धं करा. लेकरू ओकत असेल, गळून गेलं असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. काहीही विचारायचं असेल तर मला फोन करा, कधीही.*

पाठवलं.

मिनिटभरानं कौसल्याबाईंच्या मांडीवरची पाटी वाजली. हा मजकूर त्यांनीच अर्धा लिहवून घेतला होता, तरी त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओळीखाली बोट धरून. मग दुरुस्तीची चौकट आली. त्यांनी पेटीतून नवी बाटली काढून माझ्या हातात दिली, "धरा" म्हणाल्या, आणि *आता बसवा* दाबलं. पाटी बंद होऊन चालू झाली. त्यांनी साडेसात किलो भरलं. अर्धं झाकण आलं. नऊ भरले, सहा भरले, दहा भरले, बारा भरले. प्रत्येक वेळी बाटलीवरचा आकडा माझ्याकडून वाचून घेतला आणि पदराच्या टोकाच्या गाठी मोजाव्यात तसा बोटांवर हिशेब केला.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चला हो भाऊजी."

लाँच धक्क्याला लागायच्या आत पहिला फोन आला. नंदुरबारकडच्या कुठल्याशा पाड्यावरून एक सेविका बोलत होती. तिच्याकडे चौदा घरं होती, त्यातलं एक डोंगरापलीकडे. सगळ्यात आधी तिथं जाऊ का, असं ती विचारत होती. मी म्हणाले, सगळ्यात लहान बाळ जिथं असेल तिथं आधी जा. फोन ठेवला तर दुसरा वाजत होता.

अकरा दिवस फोन थांबला नाही. लक्ष्मीपूजन मी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर फोनवर बोलत काढलं, कारण तिथं रेंज चांगली होती आणि पुण्याला परत जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी गेले. बेहेरे सरांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "तू बरोबर केलंस असं मला म्हणता येत नाही, आणि चूक केलीस असंही." मी राजीनामा दिला, त्यांनी तो घेतला. संस्थेनं पाट्या परत केल्या नाहीत, पण त्या सांभाळायचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. आमच्यातली नऊ माणसं मार्चपर्यंत बाहेर पडली. नफीसा त्यात होती. ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही.

निघायच्या आधी मी तक्रारींच्या फायलीतून ती जुलैची चिठ्ठी काढली. नफीसाच्या स्वच्छ अक्षरात तीन ओळी होत्या. *पाटी १८७. नव्या बाटलीची मात्रा जास्त वाटते. बाळ साडेसात किलो.* वजन लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

डिसेंबरपर्यंत सेविकांनी नऊशेच्या वर घरं पालथी घातली. सव्वादोनशे घरांत बाटली अजून वापरात होती, माप जुनंच. चार बाळं दवाखान्यात नेली, चारही घरी आली. एवढं सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारीत एका बाईचा फोन आला. तिचं गाव मी सांगत नाही. तिचा सात महिन्यांचा मुलगा ऑगस्टमध्ये गेला होता. आधी ताप, मग कावीळ. दवाखान्याच्या कागदावर कावीळ एवढंच होतं. तिच्या सेविकेनं माझा नंबर दिला होता. तिनं विचारलं, ते औषधानं झालं का?

मी म्हणाले, "मला माहीत नाही. झालं असेल. झालं नसेलही. आता कुणालाच सांगता येणार नाही."

 मागे कोंबड्या ओरडत होत्या. शिव्या देईल असं मला वाटलं, देऊ दे असंही वाटलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"ऑगस्टच्या शेवटी. पण जुलैमध्ये एकीनं तक्रार केली होती. त्या चिठ्ठीत सगळं लिहिलेलं होतं. मी नीट वाचली असती तर जुलैतच कळलं असतं."

"जुलैत," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे असं लिहून द्याल? तुमच्या सहीनं?"

तिला ते कुणाला दाखवायचं होतं, पोलिसांना, सासरच्यांना की देवापुढे ठेवायचं होतं, ते मी विचारलं नाही. कागद घेतला आणि तारीख घातली.